घमेल्याखालचा टाइम

साक्षीच्या घरात घड्याळं दोन होती, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. स्वयंपाकघरातलं घड्याळ सासूबाईंनी मुद्दाम पुढे करून ठेवलेलं, गोंदियाची बस चुकू नये म्हणून. पण ते पुढे आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे बस चुकायची ती चुकायचीच. पुढच्या खोलीतलं लग्नात कुणीतरी दिलेलं. सेल उतरायला लागला की ते म्हाताऱ्या बैलासारखं रेंगाळायचं. उरला साक्षीचा मोबाईल, आणि तिचा विश्वास होता तो फक्त त्याच्यावर.

त्याला कारणही तसंच होतं. यशोधरा, म्हणजे घरातली यशू, दिवस भरायच्या आधीच जन्माला आली होती, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यातून घरी सोडताना नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं की झोपली असली तरी उठवायची आणि घड्याळ लावून पाजायची. साक्षीने मोबाईलमध्ये गजर लावले. आता यशूला वर्ष उलटून गेलं होतं. गाल भरले होते, मांजरीची शेपटी दोन्ही हातांनी धरून ठेवण्याइतकी ताकद अंगात आली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता काही काळजी नाही. पण गजर काही निघाले नाहीत. गजर वाजला की साक्षी वाटी-चमचा घेऊन मागे आणि यशू तोंड घट्ट मिटून पुढे, अशी वरात घरभर फिरायची. सासूबाई, सुमनबाई, चुलीपुढून ती बघत बसायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही.

"पोरीचं पोट का मोबाईलले इचारून भुकेजते का व?"

साक्षी वाटी घेऊन यशूच्या मागे गेली. तिने कॉम्प्युटरची पदवी घेतली होती, तिला उत्तरं येत होती. पण भीतीचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

घरात सर्व्हर आला तो या सगळ्याच्या वर. साक्षीचा धाकटा भाऊ बुद्धभूषण पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिवाळीनंतर मंडईची जत्रा बघायला गावाकडे आला, तेव्हा भाचीसाठी झबलं आणि बहिणीसाठी तळहाताएवढी एक काळी डबी घेऊन आला. त्याने समजावून सांगितलं ते असं. जगातले सगळे मोबाईल, कॉम्प्युटर, बँकांची यंत्रं, कुणाच्याही नकळत सारखी इंटरनेटला विचारत असतात, टाइम काय झाला. टाइम सांगणारे सर्व्हर वेगळे असतात. त्यातले पुष्कळ कुणा कंपनीचे नसतात, सरकारचे नसतात. कुणीतरी हौसेने आपल्या घरात, आपल्या खर्चाने ठेवलेले असतात. सगळ्यांची मिळून एक यादी असते. विचारणारा आला की यादीतला कुणीतरी पुढे होतो आणि टाइम देतो. आपल्याकडे असे सर्व्हर कमी आहेत, मागणारे मात्र मोप. साक्षीचा नवरा संघदीप गावोगाव इंटरनेटच्या तारा ओढायचं काम करतो, त्यामुळे घरची लाइन पक्की आहे, इन्व्हर्टर आहे, मग अडलं कुठे?

"ताई, नाहीतरी तू दिवसभर घड्याळच पाहून राहतेस," तो म्हणाला. "आता जगासाठी पाहा."

डबी पाळण्याच्या वरच्या फळीवर बसली. तिची एक बारीक वायर भिंतीतून स्लॅबवर गेली, आणि कठड्याच्या कोपऱ्यात वायरच्या टोकाला, कुंकवाच्या करंड्याएवढी एक काळी गोल टिकली बसली. ती टिकली आभाळातल्या उपग्रहांकडून टाइम घ्यायची, डबी तो जगाला द्यायची.

सुमनबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, हा टाइम कोणाकोणाला देणार. ज्याला पाहिजे त्याला, साक्षी म्हणाली. ओळखीचे आहेत का? नाहीत. मग पैसे? तेही नाहीत.

"वा," सुमनबाई म्हणाल्या. "ओळख ना पाळख, साऱ्या दुनियेले टाइम देऊन राहिली. अन् घरी सासूसंगं दोन गोष्टी बोलाले इले टाइम नाही."

हे वाक्य त्यांनी शेजारच्या दुर्गेश्वरीलाही सांगितलं. दुर्गेश्वरी पवारांच्या घरची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. तिने ते गल्लीत सगळीकडे वाटलं. तेव्हापासून साक्षीचं नाव "टाइमवाली" पडलं. दूध घालायला आली की दुर्गेश्वरी दारातून ओरडायची, "टाइमवाली, पावशेर टाइम दे व, मापून दे, कमी नको देऊ."

पण यादीत नाव लागणं सोपं नव्हतं. तिकडून कुणीतरी अधूनमधून सर्व्हरला तपासायचं. चटकन बरोबर उत्तर दिलं की गुण हळूहळू चढायचे, गप्प बसला किंवा चुकला की धाडकन उतरायचे. वीसपैकी दहाच्या खाली गेला की यादीतून बाहेर, पुन्हा चढेपर्यंत. इंटरनेटवर त्याचं एक पान होतं. ते पान साक्षी तशीच बघायची जशी अंगणवाडीच्या काट्यावर यशूचं वजन बघायची, श्वास धरून. सुरुवातीला लाइन गेली, गुण पडले. वादळात तार तुटली, गुण पडले. मग हळूहळू सर्व्हरनेही बाळसं धरलं. होळी आली तोवर तो विसावर जाऊन बसला आणि हलेना. त्या दिवशी साक्षीने गोडाचा शिरा केला. कशाचा म्हणून सासूबाईंनी विचारलं नाही, दोन वाट्या खाल्ल्या.

होळीनंतर गोंदियाच्या एका कॉलेजातून पत्र आलं. कॉम्प्युटर लॅब सांभाळायची आणि पोरांना शिकवायचं, अशी नोकरी. यशूच्या जन्माआधी साक्षीने अर्ज केला होता आणि विसरून गेली होती. शनिवारी मूळ कागद दाखवायचे, सोमवारी रुजू व्हायचं.

घरात सगळ्यांना आनंद झाला, साक्षी सोडून. म्हणजे तिलाही झाला, पण तो तिने कणगीत धान्य झाकून ठेवावं तसा झाकून ठेवला. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, मधले गजर कोण ऐकणार? यशूला भरवताना ठसका लागला तर? संघदीपने समजावलं, सासऱ्यांनी, भोजराजबाबांनी, समजावलं. शेवटी साक्षीने नवऱ्याला सांगून टाकलं. शनिवारी ती जाईल. त्या एका दिवसात घर आपल्याशिवाय कसं चालतं ते बघेल. काही झालं, एवढंसं काही जरी झालं, तर कॉलेजला नाही म्हणून कळवायचं, आणि मग कुणी तिला परत विचारायचं नाही.

संघदीप हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

शनिवारी नेमका कुरोड्यांचा, म्हणजे कुरडयांचा, दिवस निघाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या स्लॅबवर जमून कुरोड्या घालतात, आणि ती पाळी सुमनबाईंची होती. गहू भिजवून, वाटून, चीक काढून ठेवलेला. तो दिवस पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. साक्षीला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. चुलीवर एवढं मोठं पातेलं, उकळता चीक, डझनभर बायका आणि त्यात रांगणारी यशू. तिने सासूबाईंना सगळं दोनदा सांगितलं: किती वाजता काय, चमचा कोणता, पाणी कसं. सुमनबाईंनी ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या की संघदीपला आपणच वाढवलं आहे, तो काही झाडाला लागला नव्हता.

बसमधून तिने पहिला फोन केला. सगळं ठीक होतं. कॉलेजच्या फाटकातून दुसरा केला. सुमनबाई म्हणाल्या, हात चिकाने भरून आहेत, आता तिसऱ्यांदा वाजला तर उचलणार नाही, मग रडत बसू नको.

ऑफिसच्या बाकावर साक्षी फाइल मांडीवर घेऊन बसली. प्राचार्य अजून यायचे होते. काउंटरवर अंजू मॅडम म्हणून क्लार्क होत्या, गोंदियाच्याच, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी चहा पुढे केला. साक्षीने तो घेतला आणि मोबाईलवर सर्व्हरचं पान उघडलं.

ही युक्ती तिला बसमध्येच सुचली होती. फोन नाही उचलला तरी चालेल. सर्व्हर पाळण्याच्या वरच बसलेला आहे. त्याचे वीस गुण म्हणजे घरात लाइट आहे, लाइन आहे, घर जागच्या जागी आहे. सर्व्हर ठीक म्हणजे यशू ठीक. या हिशेबात काहीही अर्थ नाही हे तिला कळत होतं. पण जीव थाऱ्यावर ठेवायला अर्थ लागतोच असं नाही. वीस होते. तिने चहा प्यायला. पुन्हा पाहिलं. वीस.

आणि मग पंधरा.

तिने पान बंद करून उघडलं. पंधराच. थोड्या वेळाने दहा. मग तेही नाही. आकड्याच्या खाली बारीक अक्षरात कारणही लिहिलेलं होतं. पण आकडा घसरताना पाहणाऱ्या माणसाला बारीक अक्षरं दिसत नाहीत. तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुर्गेश्वरीला लावला, तोही वाजतच राहिला. संघदीप चिचगडकडे तारेच्या कामावर, तिथे रेंज नाही. लाइट गेली असेल, पण इन्व्हर्टर आहे. मग वायर जळाली असेल. मग आग. फळी पाळण्याच्या बरोबर वर आहे, आणि ती फळीवर ठेवायला कुणी सांगितलं होतं? आपणच.

ती उठली आणि काउंटरशी जाऊन म्हणाली की तिला घरी जावं लागेल. प्राचार्य दहा मिनिटांत येतीलच, असं कुणीतरी आतून म्हणालं. अंजू मॅडमनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बच्चा छोटा है क्या?" त्यांनी विचारलं. साक्षीने मान हलवली. "तो जाओ. फाइल मेरे पास छोड़ दो, सर को मैं दिखा दूँगी. मेरे भी दो हैं."

ऑटोवाल्याला तिने गावापर्यंत स्पेशल केलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उन्हाळी धान हिरवागार उभा होता, आणि वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान रोजच्या वेळेला वळणं घेत होतं. रोज ती यशूला कडेवर घेऊन ते दाखवायची आणि यशू बोट वर करून "इमा" म्हणायची. आज तिने मान वर केली नाही. ऑटोवाल्याने दोनदा विचारलं, ताई, कोणी शिरियस आहे का? तिला सांगता येईना की सर्व्हरचे गुण पडले आहेत.

दार उघडं होतं. घरात कुणी नव्हतं. पाळणा रिकामा. पण धूर नव्हता, जळका वास नव्हता, आणि फळीवरच्या डबीचा दिवा सुरू होता. शेजारचा एक छोटा हिरवा दिवा मात्र विझलेला होता, तो आभाळाशी बोलणं चालू असल्याची खूण होता. तेवढ्यात स्लॅबवरून हसण्याचा असा कल्लोळ उठला की छताची धूळ पडावी.

साक्षी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

वर पांढऱ्या धोतरांवर ओळीने कुरोड्या पसरल्या होत्या. जुन्या चादरी बांधून सावली केली होती. त्या सावलीत बायका पाय पसरून बसल्या होत्या, आणि मधोमध दुर्गेश्वरीच्या मांडीवर यशू झोपली होती. तोंडाला चीक, हनुवटीला चीक, एका कानातही चीक. पोट टिचकी मारावी तर वाजेल असं टरारलेलं. सुमनबाई काठी घेऊन कठड्याशी उभ्या होत्या आणि समोरच्या चिंचेवरच्या वानरांना त्यांच्या खानदानावरून काहीतरी सुनावत होत्या. हसू त्याचंच होतं.

"आली का टाइमवाली," दुर्गेश्वरी हळू आवाजात म्हणाली. "ओरडू नको, आताच झोपली. वाटीभर चीक खाल्ला गूळ-दूध टाकून. माह्या हातून अर्धा, तिकडं शामकलाबाईच्या हातून अर्धा. चमचा घेतलाच नाही, बोटानं चाटवला."

साक्षीच्या हातातला मोबाईल वाजायला लागला. जेवणाचा गजर होता. सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. यशूने झोपेतच ओठ चाटले आणि कूस बदलली. साक्षीने गजर बंद केला. मग तिने फोन कुणीच का उचलला नाही ते विचारलं. सुमनबाईंचा खाली पिठाच्या डब्यावर होता, तिसऱ्यांदा उचलणार नाही हे सांगून झालं होतं. दुर्गेश्वरीचा तिच्या घरी चार्जिंगला.

साक्षी यशूशेजारी बसली आणि तिच्या कानातला चीक रुमालाने पुसायला लागली. पुसता पुसता तिची नजर कठड्याच्या कोपऱ्यात गेली. जिथे काळी टिकली होती तिथे आता सिमेंट कालवायचं लोखंडी घमेलं पालथं घातलेलं होतं. वर वीट.

"आई," ती म्हणाली, "हे घमेलं कोणी ठेवलं?"

"मीच ठेवलं," सुमनबाई म्हणाल्या, जरा अभिमानानेच. "वानरं आले ना व. कुरोड्याईवर बसले त बसले, पण तुह्या मशीनीचं ते काळं बटन ओढून नेतीन, त तू मले सोडशीन का? म्हणून झाकून टाकलं. वरून इट ठेवली. आता उनही नाही लागत त्याले."

साक्षीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. उठून तिने वीट काढली, घमेलं उचललं. टिकली तापलेल्या स्लॅबवर मुकाट बसली होती.

"आई, त्याले आभाळ दिसलं पायजे. झाकलं की त्याले काहीच ऐकू नाही येत."

"मंग का उघडंच ठेवाचं? उन्हात, वाऱ्यात, वानरात?"

"हो. उघडंच."

सुमनबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग मांडीवरच्या यशूकडे पाहिलं. मग पुन्हा सुनेकडे.

"मशीनीचं बराबर समजते तुले," त्या म्हणाल्या, आणि काठी घेऊन वानरांकडे वळल्या.

बायकांनी साक्षीपुढे चिकाची वाटी सरकवली. ती खाता खाता तिने बुद्धभूषणला फोन लावला. आपल्यामुळे जगात कुणाकुणाचा टाइम चुकला असेल, ही टोचणी मनात होतीच. हात चिकट झाले म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकता ऐकता गोष्ट घमेल्यापर्यंत आली, तेव्हा भाऊ इतका हसला की पलीकडे त्याचे सहकारी काय झालं म्हणून विचारायला लागले.

"कोणाचंच नाही चुकलं, ताई," तो म्हणाला. "तुला काय वाटलं, साऱ्या जगाचा टाइम तुझ्याच डोक्यावर आहे? विचारणारा एकावर थोडी अवलंबून असतो. तू गप्प बसलीस, दुसऱ्यानं दिला. म्हणून तर इतके सर्व्हर ठेवतात."

साक्षीला थोडा राग आला आणि बरंच हलकं वाटलं. तिने फोन ठेवला. सुमनबाई काठी टेकून खाली बसल्या, हातातलं चिकाचं पोतेरं बाजूला ठेवलं.

"म्हणजे एक नाही बोलला त दुसरा बोलते," त्यांनी खात्री करून घेतली.

"हो."

"मंग आमी इतक्या जणी बसून आहो," त्यांनी काठीने सगळ्या बायकांवरून एक वळसा घेतला, "आमी का साऱ्या बंद पडेल सर्वर हाओ का?"

दुर्गेश्वरी आधी हसली, मग सगळ्याच. यशू दचकून उठली, सगळ्यांना हसताना बघून आधी रडावं असा विचार केला, मग तोही सोडून दिला आणि हसली. मांडीवरून उतरून ती रांगत निघाली. आईकडे येईल म्हणून साक्षीने हात पुढे केले, तर ती तिला वळसा घालून सरळ चिकाच्या वाटीकडे गेली.

ऊन कलल्यावर अंजू मॅडमचा फोन आला. कागद बघून झाले, सगळं बरोबर आहे, बच्चा कसा आहे, आणि सोमवारी येताय ना? साक्षी स्लॅबच्या कठड्याशी उभी होती. मागे तिची मुलगी एका बाईकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे हातोहात फिरत होती, आणि जाईल तिथे चीक पुसून येत होती.

"येते," साक्षी म्हणाली.

सोमवारी लॅबमध्ये तिने कॉम्प्युटर सुरू केले, तर जितके कॉम्प्युटर तितकी सालं. कित्येक महिने बंद राहिलेले, आतले सेल मेलेले. एकाचं म्हणणं आपण विसाव्या शतकात आहोत, दुसऱ्याचं नवं वर्ष नुकतंच लागलेलं. तारीखच चुकीची, म्हणून इंटरनेटची पानंही उघडेनात. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, सगळे बिघडले. साक्षी म्हणाली, बिघडले नाहीत, यांना कुणी टाइम दिलेला नाही एवढंच. तिने प्रत्येकाला त्या यादीचा पत्ता टाकून दिला. एकेक करून कोपऱ्यातले आकडे हलले आणि सगळे त्याच मिनिटावर येऊन थांबले. मुलीने विचारलं, हा टाइम कुठून आला? साक्षीने सांगितलं, ते कधीच कळत नाही. कुणाच्या तरी घरातून.

एवढ्यात तिचा मोबाईल वाजला. सासूबाई. तिच्या डोळ्यांपुढे आधी आगच आली. तशी सवय दोन दिवसांत थोडीच जाते. ती वर्गाबाहेर आली.

"साक्षी," सुमनबाई म्हणाल्या, "टाइम काय झाला व?"

"काऊन, आई? काय झालं?"

"काही नाही झालं. दोन्ही घड्याळं बंद पडले, अन् आज इमानही नाही उडून राहिलं. दुर्गेश्वरी म्हणते बारा वाजले, मी म्हणते नाही वाजले. तू सांग."

पलीकडून यशूचा आवाज येत होता. कशावर तरी चमचा बडवत होती, घमेल्यावर असावा, आणि मोठमोठ्याने हसत होती. साक्षी व्हरांड्यात उभी राहून ते ऐकत राहिली.

"सांगून राहिली का नाही?" सुमनबाई म्हणाल्या. "साऱ्या दुनियेले देतेस, मले द्याले जड जाऊन राहिलं का?"

साक्षीने फोन कानाला तसाच ठेवून दारातून लॅबमधल्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे पाहिलं आणि सासूबाईंना टाइम दिला.